नववी वीट

मित्रांनो, कोळशाच्या या खोपटात शिरलात, की डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ लागेल. मग मागच्या भिंतीशी एक लोखंडी धूड दिसेल. त्याच्या आडव्या दांड्यावर कोंबड्या बसलेल्या असतील, बैठकीचे कातडे फाटून आतला स्पंज बाहेर आला असेल. ते धूड म्हणजे मी. घरच्या घरी अंगात बळ कमावण्याचे यंत्र म्हणून मला या घरात आणले होते. आज मला कोणी हात लावत नाही, पण त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. लोखंडाला ते सोसते. मला वाईट वाटते ते निराळ्याच गोष्टीचे, आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला गंजून जायचे नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पोलादी नळ्या कापून, जोडून, वर काळा रंग मारून माझा सांगाडा उभा राहिला. पाठीशी दोन उभ्या सळ्या आल्या आणि त्यांवर एकावर एक बारा लोखंडी विटा रचल्या गेल्या, प्रत्येक पाच किलोची. प्रत्येक विटेला एक भोक आहे. हव्या त्या भोकात खिट्टी घातली, की तिथपर्यंतच्या विटा उचलल्या जातात आणि खालच्या जागीच राहतात. विटांना बांधलेला दोर कप्प्यांवरून फिरत वरच्या दांड्याला आणि खालच्या दांड्याला येतो. एवढीच माझी करामत. ज्याला जेवढे पेलते तेवढे मी देतो. पेलण्यापेक्षा जास्त मागितले तर तेही देतो, आणि माणसे फसतात ती तिथेच.

काराकोल गावातल्या या घरात मला एर्किनने आणले. कासिमाली आणि अनारकुल यांचा तो धाकटा मुलगा, तेव्हा बावीस वर्षांचा. थोरली नाझिरा लग्न होऊन राजधानीला, बिश्केकला गेली होती. कासिमालीचे सारे आयुष्य घोड्यांच्या पागेत गेलेले. माणूस उंचापुरा, रुंद हाडाचा, आणि जिभेला हाड नसलेला. माझे भाग अंगणात उतरले तेव्हा तो कमरेवर हात ठेवून उभा होता.

"हे काय आणलंस? ट्रॅक्टरचा सापळा?"

"आके, यानं दंड होतात," एर्किन म्हणाला. वडिलांना तो आके म्हणे.

"दंड? अरे, घोडेस्वारांच्या खेळात पळत्या घोड्यावरून वाकून मी बोकडाचं अख्खं धड एका हातानं जमिनीवरून उचलायचो. अर्धं गाव बघायला यायचं. तेव्हा कुठं होतं तुझं यंत्र?"

"तुम्हाला घोडा होता. मला नाही."

"मग घोडा आणायचास! बागेला लीद तरी मिळाली असती."

अनारकुल दारात उभी राहून हसत होती. ती नवऱ्याच्या खांद्यालाही पुरत नव्हती. लहानखुरी, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हात कायम पिठात नाहीतर मातीत. बापलेकांनी मिळून मला एर्किनच्या खोलीत जोडले. चार महिने एर्किनने माझ्यावर मनापासून घाम गाळला. मग शरद ऋतूत तो इमारतींच्या कामावर रशियाला निघून गेला. जाताना माझ्या बैठकीवर थाप मारून म्हणाला, "येतो रे." तो येत राहिला खरा, दोन वर्षांतून एकदा, आठ दिवसांसाठी. त्या आठ दिवसांत त्याला माझ्याकडे बघायलाही सवड नसे.

मित्रांनो, त्यानंतरची सहा वर्षे माझ्या वरच्या दांड्यावर चादरी वाळल्या. खालच्या दांड्याला कांद्यांच्या माळा लटकल्या. बैठकीवर सुकवलेल्या सफरचंदांची पोती आली. अनारकुल रोज माझ्याजवळून जायची. माझ्याकडे तिच्यासाठी काही आहे हे तिला कसे कळावे? मला तोंड नव्हते. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिचे गुडघे करकरू लागले, साठाव्या वर्षी पाण्याची बादली ती दोनदा टेकवून आणू लागली. मी ते बघत होतो. माझ्या सर्वांत वरच्या विटेवर सहा वर्षांची धूळ होती.

मग एका ऑक्टोबरच्या सकाळी कासिमाली चहाचा वाडगा उचलायला गेला आणि वाडगा त्याच्या हातातून सुटला. अर्धांगाचा झटका होता. तीन आठवडे तो इस्पितळात राहिला आणि घरी आला तो डाव्या हाता-पायातले बळ गमावून. बोलणे थोडे जड झाले होते, पण कळत होते. त्याची कॉट पुढच्या खोलीत टाकली. एर्किनच्या खोलीचे दार तिच्या नेमके समोर होते, त्यामुळे दार उघडे असले की मला तो दिसे आणि त्याला मी.

एवढ्या मोठ्या माणसाला कॉटवरून खुर्चीत बसवायचे अनारकुलच्या आवाक्याबाहेरचे होते. पुतण्या सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा येऊन काकाला उचलून बसवी, पुन्हा निजवी. मधला सारा दिवस कासिमाली छताकडे बघत पडून राही. महिन्याभरात त्याच्या पाठीला जखम झाली. अनारकुल ती धुवायची तेव्हा तो ओठ चावून गप्प राहायचा, आणि तो गप्प राहिला की तिला जास्त भीती वाटायची.

जानेवारीत एका सकाळी एवढे बर्फ पडले, की पुतण्या येऊ शकला नाही. कासिमालीला उठून बसायचे होते. "थांब थोडं," ती म्हणाली. तो थांबला. मग ती म्हणाली, "मीच बसवते." तिने त्याच्या काखेत हात घातले, पाठ वाकवून ओढले, आणि दोघेही खाली आले. ती बाजूला पडली, तो जमिनीवर आडवा.

"म्हातारबा! लागलं का?"

"लागायला मी काय घोड्यावरून पडलोय? कॉटवरून पडलोय. कुणाला सांगू नको, अब्रू जाईल."

तिने त्याला वर घ्यायचा प्रयत्न केला. एकदा, दोनदा, पाचदा. मग घरातल्या सगळ्या गोधड्या आणून त्याच्यावर घातल्या आणि स्वतः त्याच्या पाठीशी बसून राहिली, जमिनीचा गारवा त्याला लागू नये म्हणून. बाहेर बर्फ पडतच होते. मग कासिमाली भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "नाझिराला फोन कर. ती म्हणते त्या वृद्धाश्रमात जातो मी. मला ओढता ओढता तू मरशील, म्हातारे."

अनारकुलने गोधडी त्याच्या गळ्यापर्यंत ओढली.

दोन तासांनी समोरच्या घरातली झोया अर्काद्येवना मधाची बरणी घेऊन आली. चौऱ्याहत्तर वर्षांची रशियन बाई, शाळेत चाळीस वर्षे कवायत शिकवलेली, अजून काठीसारखी ताठ. तिने दारातून दोघांना बघितले, बरणी तिथेच ठेवली आणि रस्त्यावर जाऊन दोन माणसांना हाका मारून आणले. कासिमाली कॉटवर गेल्यावर ती आपला ओला कोट टांगायला एर्किनच्या खोलीत आली. कोट तिने माझ्यावरच टांगला. मग थबकली. एकेक चादर बाजूला करू लागली.

"अनारकुल! हे काय आहे?"

"ते? कपडे वाळत घालायचं आहे."

"वाळत घालायचं तुझं डोकं! बाहेर नवरा जमिनीवर पडला होता आणि इथं तू ह्याच्यावर कांदे टांगलेस?"

अनारकुल दारात आली. तिचे डोळे सुजले होते. "झोया अर्काद्येवना, ते पोरांचं खेळणं आहे. मी एकसष्ट वर्षांची बाई. मी काय पैलवान होऊ?"

"पैलवान कोण व्हायला सांगतंय? त्या माणसाचा उजवा पाय शाबूत आहे ना? मग अर्धं वजन तो पेलेल. उरलेलं अर्धं तुझं. अर्धा नवरा उचलायला कितीसं बळ लागतं?"

पुढच्या खोलीतून कासिमालीचा जड आवाज आला, "कोणता अर्धा, ते आधी ठरवा."

त्या दिवसात पहिल्यांदाच कोणीतरी हसले.

संध्याकाळी नाझिराचा फोन आला. अनारकुलने फोन माझ्या बैठकीवरच्या पोत्यावर ठेवला होता, म्हणून मला सारे ऐकू आले. "आपा, ऐक," नाझिरा आईला म्हणत होती, "मी निर्दय नाही गं. पण तिथं माणसं आहेत, नर्स आहेत. तू एकटी काय करणार? तूही अंथरूण धरलंस तर मी कुणाकुणाकडे बघू?"

"मला ऑगस्टपर्यंत वेळ दे."

"ऑगस्टमध्ये काय होणार आहे?"

"ऑगस्टमध्ये ये आणि बघ. नाही जमलं तर घेऊन जा. मी एक शब्द बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी पोती हलली, माळा उतरल्या. झोयाने माझ्या सळ्या पुसून त्यांना शिलाई मशीनचे तेल लावले, दोर बोटांनी चाचपून बघितला, सैल झालेले बोल्ट पाना घेऊन आवळले. सहा वर्षांनी माझी कप्पी फिरली तेव्हा ती मांजरासारखी ओरडली. अनारकुल दचकली. "भिऊ नको," झोया म्हणाली, "आपली हाडंही अशीच ओरडणार आहेत."

पहिले आठ दिवस झोयाने तिला खिट्टीला हातच लावू दिला नाही. माझ्या बैठकीवर बसायचे आणि हात न टेकता उठायचे, एवढेच. दहा वेळा. पाठ सरळ, टाचा जमिनीला, नजर समोर. अनारकुल सहाव्या वेळीच धापा टाकू लागली.

"हा काय व्यायाम झाला? हे तर मी दिवसभर करते."

"दिवसभर तू गुडघ्यावर हात रेटून उठतेस. आता मांड्यांनी उठ. श्वास कोंडू नको. उठताना सोड. तू गप्प बसायची बाई नाहीस, मग श्वासच का कोंडतेस?"

मग पहिली वीट आली. खालच्या कप्पीला लावलेला दांडा धरून, गुडघे वाकवून, पाठ न मोडता सरळ उभे राहायचे. बसून दांडा पोटाशी ओढायचा. वरचा दांडा छातीपर्यंत खाली आणायचा. आठवड्यातून तीन दिवस. मंगळवार, गुरुवार, शनिवार. मधल्या दिवशी सुटी. सुटीच्या दिवशीही अनारकुल माझ्याकडे यायला लागली तेव्हा झोया ओरडली, "पीठ मळलं की ते झाकून ठेवतेस ना? लगेच लाटतेस का? अंगही तसंच. काम केल्यावर त्याला फुगायला वेळ दे."

हे अनारकुलला लगेच पटले. बळ म्हणजे पीठ, ही गोष्ट मलाही तोवर माहीत नव्हती.

फेब्रुवारीत दुसरी वीट आली, मार्चच्या आरंभी तिसरी. तिच्या तळव्यांना फोड आले, ते फुटून घट्टे झाले. समोरच्या कॉटवरून कासिमाली मोठ्याने मोजायचा, आणि मुद्दाम चुकायचा. "सात... आठ... सात..."

"म्हातारबा, नीट मोज!"

"माझं अर्धं डोकं गेलंय. अर्ध्यातच मोजतो."

मित्रांनो, आता मला माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगायची आहे. मार्चच्या अखेरीस जखमेमुळे कासिमालीला ताप आला. तीन दिवस तो बरळत होता. चौथ्या दिवशी ताप उतरला, पण अनारकुलच्या मनात घड्याळ टिकटिकू लागले. त्या दुपारी झोया नव्हती. अनारकुल एकटीच आली. तिने खिट्टी काढली आणि तिसऱ्या विटेतून एकदम सातव्या विटेत घातली. मी तिला अडवू शकत नव्हतो. मी मागितले ते देतो. तिने दांडा धरला, डोळे मिटले आणि झटका दिला. विटा वीतभर वर आल्या आणि धाडकन खाली आदळल्या. तिच्या उजव्या खांद्यात काहीतरी ताणले गेले. ती माझ्या बैठकीवर बसून हुंदके देत राहिली, रुमाल तोंडात कोंबून, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. त्याला ऐकू गेले.

झोया आली, तिने खांदा बघितला. ओरडेल असे मला वाटले होते. ती खुर्ची ओढून बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "घाई कुणाला नाही गं? पण हे बळ दारात उभं राहून हाक मारली तर येत नाही. ते चालत येतं, आणि त्याच्याच पावलांनी येतं."

पाच आठवडे गेले. मेमध्ये अनारकुल पुन्हा पहिल्या विटेपासून सुरू झाली. ते पाच आठवडे मी कधी विसरलो नाही. पुढे जे घडले ते कळल्यावर तर अजिबात नाही.

जूनमध्ये तिसरी, मग चौथी, पाचवी. पुतण्या आला की ती त्याला बाजूला उभे करून स्वतः कासिमालीच्या एका बाजूला हात लावू लागली. जुलैत सहावी आणि सातवी. तिच्या मानेखाली, खांद्यांवर दोरासारखे पीळदार स्नायू दिसू लागले. बादली आता न टेकवता यायची. एका शनिवारी बाहीची शिवण दंडावर उसवली तेव्हा कासिमालीने कॉटवरून शीळ घातली. "काय गं म्हातारे, चाळीस वर्षांपूर्वी हे दंड दाखवले असतेस तर मी तुला लग्नासाठी विचारायलाही घाबरलो असतो."

"विचारलं होतंस कुठं? आई-बापानं ठरवलं."

"तेच सांगतो, मी तेव्हाही घाबरलो होतो."

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात खिट्टी नवव्या विटेत गेली. अनारकुलने त्या नऊही विटा दहा वेळा उचलल्या, न थांबता, श्वास सोडत. झोयाने माझ्या सळीवर बोटांनी टकटक केले, शाबास म्हणावे तसे.

नाझिरा ठरल्याप्रमाणे आली. मोटारीच्या मागच्या बैठकीवर तिने उश्या रचल्या होत्या, वडिलांसाठी. घरात शिरताच तिचे डोळे भरून आले. "आपा, तू अर्धी झालीस."

"अर्धी नाही. बस तिथं."

अनारकुल कॉटशी गेली. नवऱ्याला कडेला बसवले, त्याचे दोन्ही पाय जमिनीवर नीट ठेवले, त्याचा चांगला हात स्वतःच्या खांद्यावर घेतला. गुडघे वाकवले. पाठ सरळ. "म्हातारबा, तीन म्हटलं की. एक, दोन..."

तिने श्वास सोडला आणि तो उभा राहिला. दहा महिन्यांनी तो उभा होता, तिच्या अंगावर रेललेला, तिच्या डोक्यावरून खिडकीबाहेर बघत. दोन पावले वळून तिने त्याला चाकाच्या खुर्चीत बसवले, आदळू न देता. नाझिराने दोन्ही हातांनी तोंड झाकले होते.

"बघ पोरी," कासिमाली म्हणाला, "आता मीच बोकड झालोय आणि तुझी आई घोडेस्वार."

नाझिराने मोटारीतल्या उश्या काढून आणल्या आणि कॉटवर ठेवल्या. आश्रमाचे नाव पुन्हा कोणी काढले नाही.

त्यानंतरचे दिवस, मित्रांनो, या घरातले सर्वांत चांगले दिवस होते. सकाळचा चहा झाला की ती त्याला खुर्चीत घेई आणि अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली नेई. समोर बर्फाचे डोंगर. तो टोपी घालून बसे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या घोड्याला नावे ठेवी. पाठीची जखम भरून आली. सफरचंदे उतरवायची वेळ आली तेव्हा शिडीवर अनारकुल होती आणि खालून तो हुकूम सोडत होता. मला खिडकीतून दोघेही दिसत. मंगळवार, गुरुवार, शनिवार ती माझ्याकडे येतच होती. "आता कशाला?" त्याने विचारले. "हे राखावं लागतं," ती म्हणाली, "नाहीतर जातं."

मी मोजले होते. एकशे सहा दिवस तो अंगणात बसला.

डिसेंबरच्या आरंभी, एका गुरुवारी सकाळी, ती चहा घेऊन त्याच्याकडे गेली आणि तो उठला नाही. दुसरा झटका झोपेतच आला होता.

घर माणसांनी भरले. अंगणात तंबू उभा राहिला. बायका आत रडत, शोकगीते गात बसल्या. एर्किन विमानाने दुसऱ्या दिवशी पोचला, दाढी वाढलेली, हातांना सिमेंटच्या भेगा. तिसऱ्या दिवशी कासिमालीला न्यायचे होते. बायका कबरस्तानात जात नाहीत. उंबरठ्यापर्यंतच त्यांचे जाणे. अनारकुल माझ्या खोलीच्या दारात उभी होती, नाझिराने तिला धरले होते. एर्किन आणि तिघे पुरुष लोकरीच्या जाड नमद्यावर ठेवलेला देह उचलायला वाकले. चौघांचेही पाय ताठ होते, पाठी कमानीसारख्या वाकलेल्या. त्यांनी जोर लावला. देह एका बाजूला कलला. एकजण पुटपुटला, "जड आहेत बाबा."

"थांबा," अनारकुल म्हणाली.

सगळे थांबले. रडणेही थांबले. ती पुढे गेली नाही, हातही लावला नाही. दारातूनच ती म्हणाली, "एर्किन, गुडघे वाकव. पाठ नाही, गुडघे. जवळ घे त्यांना, अंगाला चिकटून. मान खाली नको घालू, समोर बघ. आता श्वास सोड. तीन म्हटलं की उठ."

एर्किनने गुडघे वाकवले. बाकीच्यांनीही वाकवले.

"एक," ती म्हणाली. "दोन..."

तीन तिच्या तोंडून निघालेच नाही. नाझिराने म्हटले. आणि कासिमाली वर उचलला गेला, सरळ, कुठेही न कलता, आणि दाराबाहेर गेला.

चाळिसाव्या दिवसाचे जेवण झाल्यावरच्या मंगळवारी झोया आली. अनारकुल माझ्या बैठकीवर बसून होती, हात मांडीवर. "चल," झोया म्हणाली, "दोन विटांपासून करू."

"कुणासाठी?"

झोयाने खिट्टी दुसऱ्या विटेत घातली. मग ती म्हणाली, "तुझ्यासाठी म्हटलं तर तू ऐकणार नाहीस."

"पाच आठवडे," अनारकुल म्हणाली. "खांद्याचे ते पाच आठवडे गेले नसते, तर तो जुलैचे दिवसही बाहेर बसून बघू शकला असता." ती माझ्या सळीला हात टेकून होती. "आणि सहा वर्षं हे इथंच होतं, झोया अर्काद्येवना. इथंच. मी कांदे टांगत होते."

झोया तिच्या शेजारी बसली. माझी बैठक एकाच माणसाची आहे, पण त्या दोघी तेवढ्यात मावल्या.

वसंतात नाझिरा आईला बिश्केकला घेऊन गेली. घर पुतण्याकडे राहिले. त्याला खोली हवी होती, म्हणून मला सुटे करून या खोपटात आणले आणि घाईघाईने पुन्हा उभे केले. माझा दोर त्याने वासराला बांधायला काढून नेला.

कासिमालीला जाऊन वर्ष झाले, त्या दिवसाच्या जेवणासाठी अनारकुल आली तेव्हा मी तिला पुन्हा बघितले. ती बिडाची मोठी कढई घ्यायला खोपटात आली होती. लेकीच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात आठ-नऊ महिने बसून तिचे खांदे खाली आले होते. तिने कढईचे कान धरले, ओढले. कढई हलली नाही. तिने पुन्हा ओढले. मग ती सरळ झाली, धापा टाकत, आणि तिने दोन पोरींना हाक मारली. पोरी कढई घेऊन गेल्या. ती मात्र मागे राहिली. तिने माझ्या गंजलेल्या सळीवरून हात फिरवला, तळव्याला लागलेला तांबडा रंग बघितला, आणि रुमालाला न पुसता तशीच बाहेर गेली.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे काहीतरी उभे असेल. त्याचे बोल्ट आवळा, त्याला तेल द्या, ते ठीकच. पण माझे मागणे त्याहून मोठे आहे. आज तुमच्या घरात जी माणसे आपल्या पायांनी चालत आहेत, त्यांच्यातल्या कुणाला तरी एक दिवस तुमच्या खांद्याचा आधार घ्यावा लागेल. तो दिवस उजाडल्यावर बळ कमवायला बसाल, तर ते येईलही, पण उशिरा येईल. म्हणून आजच एक वीट उचला, अगदी वरची, हलकी. पाठ सरळ ठेवा, श्वास सोडा. उद्या अंग दुखेल, परवा कमी दुखेल. आणि कमावलेले बळ राखा, कारण गंज नुसता लोखंडालाच लागतो असे नाही. मी थांबेन, मला सवय आहे. तुमच्या माणसांना थांबायला सांगता येत नाही.